बाळू पालवणकर

पालवणकर बाळू ऊर्फ बाळू पालवणकर (इ.स. १८७६, धारवाड – जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभीच्या काळातील एक थोर डावखुरे फिरकी गोलंदाज होते. इ.स. १९०६ ते १९२० या काळात मुंबईतील सामन्यांत हिंदू संघाच्या गोलंदाजीची मुख्य भिस्त त्यांच्यावर होती. इ.स. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघातील ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. तत्कालीन समाजात अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार जातीत त्यांचा जन्म झाला होता. त्यामुळे मैदानावरील गुणवत्ता निर्विवाद असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच अधिकृतपणे मिळाले नाही. इ.स. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे त्यांचे तिन्ही भाऊ हिंदू संघातून खेळले. संघाचे नेतृत्व कोणी करावे आणि संघ एकजीव कशाने होतो, या प्रश्नांच्या संदर्भात पालवणकर बंधूंचे उदाहरण भारतीय क्रीडा इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

## कुटुंब आणि बालपण

बाळू यांचा जन्म धारवाड येथे झाला. त्यांचे जन्मवर्ष काही ठिकाणी इ.स. १८७५ असेही दिलेले आढळते. पालवणकर हे आडनाव कोकणातील त्यांच्या मूळ गावावरून आले. चामड्याचे काम हा त्यांच्या जातीचा परंपरागत व्यवसाय होता. परंतु ब्रिटिश लष्करातील नोकरीमुळे या समाजातील अनेक कुटुंबे गावाबाहेर पडली आणि छावण्यांच्या गावी स्थिरावली. बाळू यांचे वडीलही लष्करी नोकरीच्या निमित्ताने पुण्यास आले.

पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रिकेट नित्य चाले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व शिवराम हे भाऊ खेळू लागले. घरच्या परिस्थितीमुळे बाळू यांचे शिक्षण लवकर थांबले आणि कुटुंबास हातभार लावण्यासाठी त्यांना नोकरी पत्करावी लागली.

## पुण्यातील मैदानावरची नोकरी

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे ही त्यांची कामे होती. या कामासाठी त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. इ.स. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये दरमहा ४ रुपये वेतनावर रुजू झाले. तेथे खेळपट्टीची निगा राखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे आणि टेनिसच्या मैदानावर रेघा आखणे अशी कामे त्यांच्याकडे होती.

पूना क्लबच्या एका सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले आणि थोड्याच दिवसांत तेथील फलंदाजांना त्यांच्या फिरकीचे मोल कळले. लष्करी अधिकारी जे. जी. ग्रेग हे त्या काळी भारतातील सर्वोत्तम इंग्रज फलंदाज म्हणून ओळखले जात. ते इतर सभासदांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळू ग्रेग यांना जितक्या वेळा बाद करत तितक्या वेळा ग्रेग त्यांना ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजापुढे वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकल्यामुळे बाळूंच्या गोलंदाजीला अचूकता आली. मात्र या सर्व काळात त्यांना बॅट हाती घेण्याची संधी क्वचितच मिळाली. फलंदाजी ही साहेबांची आणि गोलंदाजी ही नोकराची, अशी श्रमविभागणी त्या काळच्या क्लबांत रूढ होती.

## पुण्याच्या हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंच्या संघाला युरोपीय संघाशी बरोबरी साधायची होती आणि त्यासाठी चांगल्या गोलंदाजाची गरज होती. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत मतभेद झाले. तेलुगू भाषक सभासद त्यांच्या बाजूने होते, तर काही मराठी ब्राह्मण सभासदांचा त्यास विरोध होता. जातीच्या कारणावरून अशा गोलंदाजास वगळणे हिंदूंना परवडणारे नाही, असे मत ग्रेग यांनीही प्रकट केले. अखेर बाळूंना संघात प्रवेश मिळाला.

हा प्रवेश मैदानाच्या सीमारेषेपुरताच मर्यादित होता. बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताळत. मात्र चहाच्या वेळी इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणासाठी त्यांची थाळी वेगळी असे आणि त्यांना बसवतही वेगळे. हात धुण्यासाठी त्यांना पाणी देण्याचे काम अस्पृश्य मानल्या गेलेल्या नोकराकडेच असे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने युरोपीय संघांविरुद्ध विजय मिळवले. साताऱ्यातील सामन्यापूर्वी त्यांच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने अनेक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती, असे सांगितले जाते. तरीही बाळूंनी तेथे ७ बळी घेतले. या यशानंतर त्यांचा जाहीर गौरव होऊ लागला. पुण्यातील एका समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला आणि जे बाळूंबरोबर खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यासही तयार असले पाहिजे, असा विचार मांडला. पुढे लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत त्यांची प्रशंसा केली. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका असलेल्या या दोन नेत्यांनी एकाच खेळाडूचा गौरव केला, ही गोष्ट लक्षणीय मानली जाते.

## मुंबईतील कारकीर्द

इ.स. १८९६-९७ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस आले. मुंबईत त्या वेळी क्रिकेटचे जिमखाने धर्मानुसार उभे राहिले होते. हिंदूंसाठी इ.स. १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना झाली होती. येथेही बाळूंच्या प्रवेशास काही सभासदांनी आक्षेप घेतला, परंतु तो मान्य झाला नाही. जिमखान्याखेरीज बाळू रेल्वेच्या संघातूनही खेळत. मुंबईतील क्लब व कंपन्यांच्या संघांमुळे कुशल खेळाडूस नोकरी आणि खेळ या दोहोंची सांगड घालता येत असे, आणि बाळूंच्या पाठोपाठ त्यांच्या भावांनाही त्याचा लाभ झाला.

खानपानाच्या बाबतीत मुंबईचा हिंदू जिमखाना पुण्याच्या एक पाऊल पुढे गेला. तेथे बाळू व शिवराम यांना इतर खेळाडूंबरोबर उपाहारगृहात बसता येऊ लागले.

### इ.स. १९०६ चा विजय

मुंबई इलाख्यातील युरोपीय आणि पारशी यांच्यातील सामने इ.स. १८९२ पासून नियमितपणे होत होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपीय यांच्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर सामना झाला. हिंदू संघाने दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीय संघाचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंची गोलंदाजी या विजयाचे प्रमुख कारण होती. शिवरामही या संघात होते.

वंगभंगानंतरची स्वदेशीची चळवळ त्या वेळी जोरात होती आणि इ.स. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केल्याने आशियाई समाजांत आत्मविश्वासाची लाट आली होती. त्यामुळे या विजयाला खेळापलीकडचा अर्थ प्राप्त झाला. मुंबईतील इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी पत्राने त्यात आणखी एक धडा पाहिला. पुण्यातील हिंदूंनी बाळूंना खेळू दिले पण पंगतीत घेतले नाही, मुंबईतील हिंदूंनी त्यांना पंगतीतही घेतले, आणि या क्रमाक्रमाने झालेल्या बदलाचे फळ म्हणजे हा विजय, असा त्याच्या विवेचनाचा आशय होता.

इ.स. १९०७ पासून युरोपीय, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. इ.स. १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने ती चौरंगी झाली. इ.स. १९३७ मध्ये इतर समाजांच्या संघामुळे ती पंचरंगी झाली. भारतातील क्रिकेटचे हेच त्या काळी सर्वांत मोठे आकर्षण होते.

## इ.स. १९११ चा इंग्लंड दौरा

इ.स. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग हे कर्णधार होते. पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख असे सर्व समाजांचे खेळाडू प्रथमच एका संघात एकत्र आले होते. बाळू आणि शिवराम या दोघांचीही निवड झाली.

दौऱ्यावर संघाने एकूण २३ सामने खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. महाराजांचा बराच वेळ पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने होणाऱ्या समारंभांत गेला. आरंभीचे थोडे सामने वगळता ते संघाबरोबर नव्हते. निरनिराळ्या समाजांतून आलेला आणि पूर्वी कधीही एकत्र न खेळलेला संघ त्यामुळे परक्या हवामानात जवळजवळ नायकाविनाच राहिला. दौऱ्याच्या उत्तरार्धात मात्र संघाचा जम बसला आणि लीस्टरशायर व सॉमरसेट या काउंटी संघांवर त्याने विजय मिळवले. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या.

बाळूंनी या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी १८.८४ च्या सरासरीने घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. ही त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्या वेळी त्यांचे वय ३५ च्या घरात होते आणि दौऱ्यात खांद्याच्या दुखण्याचाही त्यांना त्रास झाला.

मुंबईस परतल्यावर दलित समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार करण्यात आला. या सत्काराचे मानपत्र तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे काही अभ्यासकांनी नोंदवले आहे. आंबेडकरांच्या पिढीतील दलित तरुणांना बाळूंच्या यशाचा अभिमान वाटत असे.

## चार भाऊ एका संघात

बाळूंच्या यशामुळे त्यांच्या धाकट्या भावांना क्रिकेटचा मार्ग मोकळा झाला. शिवराम हे अष्टपैलू खेळाडू होते. विठ्ठल हे शैलीदार फलंदाज म्हणून पुढे आले आणि इ.स. १९१० नंतरच्या दशकात हिंदू संघाच्या फलंदाजीचे आधारस्तंभ बनले. गणपत हेही हिंदू संघातून खेळले, परंतु त्यांचे अल्पवयातच निधन झाले. एकाच घरातील चार भाऊ एका प्रातिनिधिक संघात खेळण्याचे हे भारतातील दुर्मीळ उदाहरण आहे.

त्या काळी भारतीय संघांना नेमलेला प्रशिक्षक नसे. सराव घेणे, तरुण खेळाडूस वळण लावणे आणि मैदानावर डावपेच आखणे ही कामे कर्णधार आणि ज्येष्ठ खेळाडू यांच्याकडे असत. बाळूंनी गोलंदाजी कोणत्याही शिक्षकाकडून शिकून घेतली नव्हती. जाळीत समोर येणारा फलंदाज हाच त्यांचा गुरू होता. इ.स. १९१६ मध्ये हिंदू संघातून पदार्पण करणारे सी. के. नायडू यांच्यासह पुढच्या पिढीतील अनेक खेळाडू बाळू व त्यांच्या भावांच्या सहवासात घडले.

## कर्णधारपदाचा प्रश्न

हिंदू संघाचा कर्णधार निवडण्याचा अधिकार हिंदू जिमखान्याच्या निवड समितीकडे होता. ज्येष्ठता, अनुभव आणि कामगिरी या तिन्ही निकषांवर इ.स. १९१० नंतर बाळू हे कर्णधारपदाचे स्वाभाविक दावेदार होते. त्यांचे चाहते आणि हितचिंतक ही मागणी सातत्याने करीत राहिले. तरीही हे पद सवर्ण खेळाडूकडेच राहिले.

या काळात एम. डी. पै हे हिंदू संघाचे कर्णधार होते. इ.स. १९१३ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका समारंभात पै यांनी स्वतःच सांगितले की, संघातील ज्येष्ठ खेळाडू या नात्याने हा मान वास्तविक बाळूंना मिळायला हवा होता. ज्याच्या हाती पद होते त्यानेच ही उणीव बोलून दाखवली होती. मात्र निवड समितीची भूमिका त्यामुळे बदलली नाही.

कर्णधारपद नाकारले जाण्याचे मूळ या पदाच्या स्वरूपात होते. गोलंदाज म्हणून बाळू कर्णधाराच्या सांगण्यावरून चेंडू टाकत. कर्णधार झाल्यास सवर्ण खेळाडूंनी त्यांचे सांगणे मानणे, विरुद्ध संघाच्या नायकाबरोबर त्यांनी नाणेफेकीस जाणे आणि संघाच्या वतीने सत्कार स्वीकारणे, या सर्व गोष्टी ओघाने आल्या असत्या. अस्पृश्य मानलेल्या खेळाडूचे कौशल्य वापरणे जिमखान्याच्या धुरीणांना मान्य झाले होते, परंतु त्याचा अधिकार मानणे त्यांना मान्य नव्हते.

### इ.स. १९२० चा प्रसंग

इ.स. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न चव्हाट्यावर आला. असहकाराच्या चळवळीमुळे देशभर राजकीय जागृती झाली होती आणि अस्पृश्यता निवारणाचा विषय महात्मा गांधींनी राष्ट्रीय कार्यक्रमात आणला होता. अशा वेळी बाळूंना संघातून वगळण्यात आले. स्पर्धेतील पहिल्या सामन्याच्या वेळी पै आजारी असल्याने कर्णधारपद विठ्ठल यांना मिळेल अशी अपेक्षा होती. परंतु निवड समितीने विठ्ठल यांच्यापेक्षा अनुभवाने कमी असलेले पुण्याचे दि. ब. देवधर यांची निवड केली.

त्यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यांनी जाहीर निवेदन काढून आपली बाजू मांडली. योग्यतेने श्रेष्ठ असलेल्या खेळाडूच्या हाताखाली खेळण्यास आपला नकार नाही, मात्र केवळ जातीच्या आधारे आपला हक्क डावलला जात असेल तर स्वाभिमान राखून संघात राहणे शक्य नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. बंधूंच्या माघारीला वृत्तपत्रांतून आणि सामान्य क्रिकेटप्रेमींकडून मोठा पाठिंबा मिळाला.

हिंदू संघाने मुस्लिम संघाविरुद्धचा पहिला सामना जिंकला, परंतु दोन प्रमुख खेळाडूंच्या अनुपस्थितीमुळे संघ दुबळा झाल्याचे स्पष्ट झाले होते. लोकमताच्या दबावाखाली जिमखान्याला तडजोड करावी लागली. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले आणि विठ्ठल व शिवराम यांनीही पुनरागमन केले. या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळासाठी बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच होते. याच मोसमात त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली.

## विठ्ठल यांचे कर्णधारपद

इ.स. १९२३ मध्ये हिंदू जिमखान्याने विठ्ठल यांची कर्णधार म्हणून निवड केली. त्या वर्षी हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपीय संघाचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर सवर्ण सहकाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या थोरल्या भावाला चहाचे भांडेही वेगळे दिले जात होते. ती परिस्थिती लक्षात घेता या दृश्याचे महत्त्व समजते.

विठ्ठल यांच्या कारकिर्दीत, इ.स. १९२३ ते १९२६ या ४ वर्षांत, हिंदू संघाने १९२३, १९२५ आणि १९२६ अशा ३ वेळा विजेतेपद मिळवले. नायडूंसारखे स्वतंत्र वृत्तीचे आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेले खेळाडू या संघात होते. निवड समितीने अनेक वर्षे व्यक्त केलेली भीती, म्हणजे सवर्ण खेळाडू अस्पृश्य कर्णधाराच्या हाताखाली मनापासून खेळणार नाहीत ही शंका, या निकालांनी निराधार ठरवली. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे मराठी आत्मचरित्र लिहिले. ते इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पालवणकर बंधूंच्या जीवनाविषयीचे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

## नेतृत्व आणि संघाची एकजूट : मूल्यमापन

संघाची एकजूट ही एकसंध गोष्ट नसते, असे आधुनिक क्रीडा मानसशास्त्र मानते. ॲल्बर्ट कॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९८५ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार तिचे दोन पदर असतात. सामना जिंकण्याच्या उद्दिष्टासाठी एकत्र येणे ही कार्यात्मक एकजूट होय आणि परस्परांविषयीचा स्नेह व सहवास ही सामाजिक एकजूट होय. पुण्याच्या हिंदू संघात पहिल्या प्रकारची एकजूट होती, दुसऱ्या प्रकारची नव्हती. बाळूंच्या चेंडूवर झेल घेणारा क्षेत्ररक्षक चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसत नव्हता. तरीही संघ जिंकत होता. सामाजिक जवळीक नसतानाही संघ काही काळ यशस्वी होऊ शकतो, हे यातून दिसते. मात्र अशा एकजुटीचा सर्व भार एकाच बाजूने सोसावा लागतो, हेही तितकेच खरे आहे.

नेतृत्वाच्या शैलींचे वर्गीकरण करताना पी. चेल्लादुराई व एस. डी. सालेह यांनी इ.स. १९८० मध्ये पाच घटक सांगितले. प्रशिक्षण व मार्गदर्शन, लोकशाही वृत्ती, हुकूमशाही वृत्ती, सामाजिक आधार आणि चांगल्या कामगिरीची पोचपावती हे ते घटक होत. या कसोटीवर पाहता पालवणकर बंधूंच्या काळातील तीन प्रकारचे नेतृत्व परस्परांहून वेगळे दिसते. इ.स. १९११ च्या दौऱ्यावरील महाराजांचे नेतृत्व दर्जावर आधारलेले होते आणि नायक अनुपस्थित असल्याने ते संघाला बांधून ठेवू शकले नाही. जिमखान्याच्या निवड समितीची पद्धत वरून निर्णय लादण्याची होती आणि इ.स. १९२० मध्ये तिनेच संघात फूट पाडली. पै यांनी मात्र सहकाऱ्याच्या श्रेयाची जाहीर कबुली दिली आणि अंतिम सामन्यात मैदान सोडून त्याला नेतृत्वाची जागा करून दिली. पद सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण स्वतःच्या अधिकारातील तेवढी गोष्ट त्यांनी केली.

इ.स. १९२० च्या माघारीबद्दल दोन दृष्टिकोन आढळतात. ऐन स्पर्धेत संघ सोडणे हे संघभावनेच्या विरुद्ध आहे, असा एक आक्षेप घेता येतो. उलट, संघाचे नियम सर्वांसाठी समान नसतील तर संघभावनेची अपेक्षा एकाच पक्षाकडून करणे अन्यायाचे आहे, अशी बंधूंची बाजू होती. त्यानंतरच्या घटनांनी दुसऱ्या मताला बळ दिले. माघारीनंतर ३ वर्षांतच विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ अधिक बलवान झाला. गुणवत्तेनुसार नेता निवडला गेल्यावर एकजूट कमी न होता वाढते, याचे हे उदाहरण मानता येते.

## गोलंदाजीची शैली आणि आकडेवारी

बाळू हे संथ गतीचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी, टप्प्यावरील ताबा आणि दीर्घकाळ एका बाजूने गोलंदाजी करण्याची चिकाटी ही त्यांची वैशिष्ट्ये होती. समकालीनांनी त्यांची तुलना इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली.

त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा तपशील पुढीलप्रमाणे आहे.

- सामने : ३३
- बळी : १७९
- गोलंदाजीची सरासरी : १५.२१
- डावातील सर्वोत्तम कामगिरी : १०३ धावांत ८ बळी
- धावा : ७५३

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. बाळूंचा पहिला प्रथम श्रेणी सामना वयाच्या तिशीच्या आसपास झाला, त्यामुळे पुण्यातील उमेदीची वर्षे यात नाहीत. तसेच त्या काळी प्रथम श्रेणीचे सामने वर्षाकाठी अगदी मोजके होत. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना इ.स. १९३२ मध्ये झाला, तोपर्यंत बाळूंना निवृत्त होऊन दशक उलटले होते.

## सार्वजनिक जीवन

निवृत्तीनंतर बाळू दलित समाजाच्या राजकारणात ओढले गेले. इ.स. १९३२ मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, हा वाद शिगेला पोहोचला. बाळूंनी एम. सी. राजा यांच्यासह संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरून होते. येरवडा तुरुंगातील गांधींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. या करारावर सही करणाऱ्यांत बाळूंचाही समावेश होता.

पुढे त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, परंतु त्यांना यश आले नाही. इ.स. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. या चुरशीच्या लढतीत आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. एकेकाळी ज्या खेळाडूच्या सत्कारात आंबेडकरांनी भाग घेतला होता, त्याच खेळाडूशी त्यांना मतपेटीतून सामना करावा लागला. हिंदू समाजात राहून आणि त्याच्याशी तडजोड करीत सुधारणा साधता येईल, अशी बाळूंची भूमिका होती. क्रिकेटच्या मैदानावर आलेल्या अनुभवाशी ती सुसंगत होती. आंबेडकरांचा मार्ग मात्र तोपर्यंत वेगळा झाला होता.

## निधन आणि स्मृती

बाळू पालवणकर यांचे जुलै १९५५ मध्ये मुंबई येथे निधन झाले. त्यांच्या अंत्यसंस्काराला दलित समाजातील नेते आणि क्रिकेट क्षेत्रातील मंडळी उपस्थित होती.

निधनानंतर अनेक दशके त्यांचे नाव क्रिकेटच्या मुख्य इतिहासात फारसे घेतले गेले नाही. विजय मर्चंट, विनू मंकड यांच्या नावांनी स्पर्धा सुरू झाल्या, परंतु बाळूंच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा सुरू झाली नाही. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान दिले. त्यानंतर त्यांच्याविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. इ.स. २००१ मधील लगान या हिंदी चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाच्या व्यक्तिरेखेची तुलनाही अनेकदा बाळूंशी केली जाते.